हिंजवडीचा सराव आणि शालनताईंना केलेला फोन

धायरीत आमचे पोळी-भाजी केंद्र आहे. सूनबाईने नेटवर जाहिराती सुरू केल्या तसे डबे वाढले आणि माझी झोप गेली. कोण कधी काय लिहील, नेम नाही. मी सातवी शिकलेला, मला ते पुसताही येत नाही. नेटवर दुकानाची बदनामी झाली तर काय करायचे, याचा छोट्या धंदेवाल्यांसाठी हिंजवडीत एक दिवस वर्ग होता. "बाबा, घरी बसून काळजी करताच, तिथे बसून करा," सूनबाई म्हणाली. म्हणून निघालो.

जाणाऱ्यांनी साडेसातच्या आत निघावे. आम्ही आठला निघालो आणि नवले पुलापासून बसमध्ये उभेच राहिलो. वाकडच्या पुलाजवळ टपरीवर पोहे चांगले मिळाले, पण तेही उभ्यानेच खाल्ले. पुढे शेअर रिक्षा, माणशी तीस रुपये. कंपन्यांच्या बसगाड्या एकमेकींना चिकटून थांबलेल्या.

"आजोबा, इंटरव्ह्यू आहे वाटतं?" रिक्षावाल्याने विचारले.

"नाही, बदनामी शिकायला चाललोय," मी म्हणालो. सूनबाई तोंडाला ओढणी लावून हसली.

पोचायला उशीर झाला. सूनबाई वर्गात गेली आणि एवढ्या प्रवासानंतर मी आधी स्वच्छतागृह शोधत हिंडलो. वर्गात शिरलो तर समोर मोठ्या पडद्यावर आमच्याच दुकानाची पाटी! तिच्याखाली पोळीचा फोटो, त्यात लांब काळा केस. कोणीतरी लिहिले होते, 'पोळीसोबत केस फुकट. पुण्यात काहीतरी फुकट मिळालं!' खाली एकेक ओळ वाढतच होती. सूनबाई पुढच्या टेबलावर घाईघाईने काहीतरी लिहीत होती.

जिन्यात जाऊन मी दुकानात फोन लावला. शालनताईंनी उचलला. चौदा वर्षे आमच्या पोळ्या त्याच करतात.

"तुमचा केस निघाला पोळीत. साऱ्या जगानं बघितला. माझं दुकान बुडवलंत. उद्यापासून येऊ नका."

त्या एवढेच म्हणाल्या, "बरं, काका."

आत आलो तर सूनबाई म्हणाली, "कुठे होतात? किती घाम आलाय! अहो बाबा, खोटं आहे ते. सरावासाठी शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला एक तक्रार बनवून दिलीय. सुरुवातीलाच सांगितलं ना!"

मग बाईंनी एकेकाला विचारले, पहिल्या पाच मिनिटांत काय केलेत? एका बेकरीवाल्याने गिऱ्हाइकाला शिव्या लिहिल्या होत्या. माझी पाळी आली.

"मी पाणी प्यायलो," मी म्हणालो.

"छान! बघा, आजोबा शांत राहिले," बाई म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून वहीत बाईंचे वाक्य उतरवले: आधी आपल्या माणसांना विचारा.

जेवणाच्या सुट्टीत तीनदा फोन केला. शालनताईंनी उचलला नाही. परतताना चांदणी चौकात बस अडकली तेव्हा सूनबाईला फोनचे सांगितले. वारज्याला ती म्हणाली, "त्यांना विचारलंत तरी का?"

शालनताई दुकानामागच्या गल्लीत राहतात. संध्याकाळी दारात त्या उभ्या राहिल्या आणि मी पहिल्यांदाच त्यांना डोक्याच्या फडक्याशिवाय पाहिले. तो फडक्याचा नियमही त्यांनीच आमच्याकडे आणला होता. केस बारीक कापलेले, कापसासारखे पांढरे.

"केस कसला होता, काका?"

"काळा," मी म्हणालो. "लांब."

त्यांनी डोक्यावरून एकदा हात फिरवला.

"चुकलो मी. तो नुसता सराव होता."

"सराव होता, तर मला कशाला काढलंत?"

"उद्या याल ना?" एवढेच विचारले.

"नाही आले तर पोळ्या कोण लाटणार? तुम्ही?" त्या म्हणाल्या आणि दार लोटले.

याला दोन महिने झाले. असे वर्ग कुठे असतील तर धंदेवाल्यांनी जरूर जावे. शिकवतात चांगले, चहाही दोनदा देतात. फक्त वेळेवर पोचा आणि सुरुवातीचे बोलणे ऐका. वहीतले ते वाक्य सूनबाईने गल्ल्यावर चिकटवले आहे. नेटवर अजून कोणी वाईट लिहिलेले नाही. शालनताई रोज वेळेवर येतात, पोळ्याही तशाच मऊ.

काल सकाळी पिठाचा डबा रिकामा झाला. "मालक, पीठ आणायला हवं," त्या म्हणाल्या. चौदा वर्षे मी काका होतो. मी पिशवी घेतली आणि गिरणीकडे निघालो.