नंबर कसे सरतील?

हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत इंटरनेट दुरुस्त करायला कंपनीचा तो पोरगा एकदाच आला. काचेच्या तारेचा कापलेला प्रत्येक तुकडा तो मनगटावरच्या चिकटपट्टीला लावून घेत होता, कुणाच्या पायात शिरू नये म्हणून.

परीक्षेचे पेपर तपासायच्या साइटनं 'गैरवापर' म्हणत मला अडवलं होतं. मी हबकलोच होतो.

"तुमी नाही केलं सर, गल्लीत कोणी केलं असन," तो म्हणाला. "साऱ्या घरांले मिळून इंटरनेटवर एकच नंबर आहे, पत्त्यासारखा. इंटरनेटचे जुने नंबर सरले ना."

मी जन्मभर गणित शिकवलेला माणूस. "नंबर कसे सरतील?" मी जवळजवळ ओरडलोच.

"सुरुवातीले ज्यानं मागितले त्याले ढिगानं देऊन टाकले. कित्येक तसेच पडून आहेत. नियम बदलवा म्हटलं का तेच लोक आडवे येतात." त्यानं समोरच्या गवत माजलेल्या प्लॉटकडे बोट दाखवलं. "हा पाहा. लोक एकेका खोलीत पाच-पाच जण राहून राहिले, अन् हा रिकामा. कोणाचा आहे सर?"

"असेल कुणाचातरी," मी म्हणालो.

त्या प्लॉटची रजिस्ट्री माझ्या कपाटात आहे.