परातवाल्यांचा शेवट

सरस्वतीबाई गप्प झाल्या, हे ऐकून बेंगळुरूतल्या त्यांच्या जुन्या बसवनगुडीत निम्मे लोक हळहळले आणि उरलेल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार, कुणाचा भाऊ रागावून गेला आणि कुणाच्या घरचं दूध नासलं, हे त्या घराआधी सरस्वतीबाईंना कळायचं, अशी त्यांची ख्याती. अशी बाई वर्षभर ‘हं’ आणि ‘सरी’, म्हणजे कन्नडमधलं ‘बरं’, यापलीकडे बोलत नाही म्हटल्यावर गल्लीच्या इतिहासाचं पुस्तकच मिटल्यासारखं झालं.

अलकाला हे कळलं ते सरस्वतीबाईंच्या सुनेकडून, रूपश्रीकडून. “मावशी, मामंजी वारले तेव्हापासून अत्ते बोलतच नाहीत हो. डॉक्टर म्हणतात तब्येत ठणठणीत आहे. मी मुद्दाम आमटीत मीठ जास्त घातलं परवा. तरी नाहीत बोलल्या.”

आमटी खारट असून सरस्वतीबाई गप्प, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. अलकाला त्या दुपारी काही सुचेना.

अलका लग्न होऊन साताऱ्याहून बेंगळुरूला आली ती सरस्वतीबाईंच्या माडीवर भाडेकरू म्हणून. नवरा विद्याधर सरकारी कारखान्यात इंजिनीअर. कन्नडचा एक शब्द येत नाही, इंग्रजी शाळेपुरतं, आणि बोलायला माणूस नाही. खाली घरमालकीण मराठी निघाली, तीही पाच पिढ्यांपासून इथली. तिच्या मराठीत अर्धा मसाला कन्नडचा असायचा, पण अलकाला ती देवासारखी भेटली. ‘अक्का’ म्हणायला तिनं दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली.

अक्कांच्या यजमानांचं, सत्यनारायणरावांचं, भांड्यांचं दुकान होतं. घरात टीव्ही आला तो गल्लीत पहिला. छोटा, काळा-पांढरा, पुढं सरकतं दार असलेला. त्यावर रविवारी सकाळी एक इंग्रजी मालिका लागायची. आकाशातून एक यान हिंडतंय, आत घट्ट कपड्यांतली माणसं, भिंतीवर लुकलुकणारे दिवे. मालिकेचं खरं नाव दोघींपैकी कुणालाही कधी उच्चारता आलं नाही. यान पाहिल्याबरोबर अक्का म्हणाल्या, “आमच्या दुकानातली परात गं ही, पितळेची!” तेव्हापासून ती मालिका ‘परात’ आणि आतली मंडळी परातवाले.

अलकानं पहिल्याच रविवारी विचारलं, “अक्का, हा काय म्हणतोय?”

आता घरमालकिणीनं भाडेकरणीपुढं ‘मला इंग्रजी येत नाही’ म्हणायचं? छे! अक्कांनी पापणी न लववता सांगितलं, “तो टकल्या थोरला दीर. म्हणतोय, वाटणी आत्ता नको, आधी धाकटीचं बाळंतपण होऊ दे.”

आणि मग काय, गाडी सुटलीच. कप्तान झाला थोरला. कपाळावर उंचवटे असलेली परग्रहावरची बाई झाली धाकटी जाऊ. सगळ्यांची कामं करणारा आणि जेवायला कुणी न विचारणारा यंत्रमानव झाला घरजावई. दोन यानांची लढाई लागली की अक्का सांगायच्या, “चुलत्यांकडून भांडायला आलेत, विहिरीवरून.” कप्तान दर भागात एकटाच भिंतीकडे तोंड करून यंत्रात काही नोंदवायचा. अक्का उसासा सोडायच्या, “बायको गेली ना त्याची. भिंतीशी बोलतोय बिचारा.”

एकदा विद्याधर मध्येच येऊन टेकला आणि म्हणाला, “अगं, ते प्रकाशाच्या वेगानं...” अलकानं त्याला तिथंच गप्प केलं. “तुम्हाला नाही कळायचं त्यांच्या घरातलं.” अक्का बनवून सांगतात हे काय तिला उमगलं नव्हतं? पण सातारा सोडल्यापासून तिला जे सासर-माहेर हवं होतं, ते त्या परातीत भरलेलं होतं. सोडतंय कोण!

मालिकेच्या शेवटच्या भागाला ऐन रंगात करंट गेला. अक्का म्हणाल्या, “थांब, शेवट पुढच्या रविवारी सांगते.” पण त्याच आठवड्यात विद्याधरला कारखान्याचं क्वार्टर मिळालं, टेम्पो दारात आला, आणि शेवट राहूनच गेला. पुढं भेटी झाल्या, लग्नं-मुंजी झाल्या, अलका विद्याधरच्या निवृत्तीनंतर पुन्हा बसवनगुडीतच फ्लॅट घेऊन राहिली. अक्कांचं जुनं घर पाडून तिथं इमारत झाली आणि अक्का आपल्या मुलाकडे, वेणुगोपालकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला के. आर. पुरमला गेल्या. शेवट विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

आता सुचलं; निदान त्या निमित्तानं तरी अक्का बोलतील. अलकाच्या मुलानं, क्षितिजनं, ती मालिका इंटरनेटवर शोधून मोठ्या टीव्हीवर लावून दिली. आणि रूपश्री अक्कांना मेट्रोनं, मेजेस्टिकला गाडी बदलून, रविवारी सकाळी घेऊन आली.

क्षितिज गुणी मुलगा. दोघी म्हाताऱ्यांना कळावं म्हणून त्यानं मुद्दाम हिंदीतला आवाज शोधून लावला. झालं! कप्तान हिंदीत खणखणीत बोलू लागला. यान कुठं चाललंय, इंधन किती उरलंय, सगळं स्वच्छ कळत होतं. अक्का मान ताठ करून शेवटपर्यंत बसल्या. कॉफी प्यायल्या. “सरी, येते,” म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या रविवारी अलकानं इंग्रजी लावायला सांगितलं. पण त्या दिवशी विद्याधर घरात होता, आणि आयुष्यभर यंत्रं समजावून सांगत आलेला माणूस. तो खुर्ची ओढून सुरूच झाला, “अक्का, हे बघा, आता यांचं गुरुत्वाकर्षण बंद पडलंय...” अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, आणि पदराला पीळ घालत बसल्या.

त्या गेल्यावर अलका भडकली. “तुम्हाला कुणी विचारलं होतं गुरुत्वाकर्षण?”

“अगं, चुकीचं समजण्यापेक्षा...”

“तुम्ही चाळीस वर्षं बरोबर सांगताय. मी ऐकलंय का कधी?”

बोलता बोलता अलकालाच काही तरी लख्ख दिसलं. दोघींनी मिळून पाहिलेली मालिका ही नव्हतीच मुळी. इथं सगळं सांगायला माणसं हजर; अक्कांनी बोलायचं काय?

तिसऱ्या रविवारी तो करंट गेलेला शेवटचा भाग लावायचा होता. रूपश्रीनं फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं, “मावशी, आता त्या यायलाही नको म्हणतात. एवढी एक वेळ आणते.” म्हणजे हा रविवार गेला की संपलंच.

अलकानं आदल्या दिवशी अवरेकाई भिजत घातली. ही आपल्या पावट्याची इथली थोरली बहीण. थंडीत बेंगळुरू हिच्या वासानं घमघमतं. भिजलेला एकेक दाणा चिमटीत दाबायचा, की सालातून गुळगुळीत आतला दाणा टुणकन बाहेर. कंटाळवाणं काम; तोंड चालू असेल तरच हात चालतात. पूर्वी परात बघताना दोघींच्या मध्ये हेच पातेलं असायचं.

सकाळी तिनं क्षितिजला सांगितलं, “लाव आणि तुझ्या खोलीत जा.” विद्याधरला पिशवी दिली. “गांधी बाजारातून कॉफीची पूड आणा. ताजी दळून.” कॉफीच्या दुकानात ओळखीचं माणूस भेटलं की विद्याधर जेवणाआधी परतत नाही, हे तिला ठाऊक होतं. रूपश्रीही भाजीला बाहेर पडली.

अलकानं अक्कांच्या पुढ्यात पातेलं सरकवलं आणि रिमोटवरनं आवाज पार बंद केला.

पडद्यावर परात तरंगत होती. माणसं तोंडं हलवत होती. अक्कांच्या बोटांतून दाणे टुणटुण पडत होते, एवढाच काय तो आवाज.

“अक्का, हा काय म्हणतोय?”

अक्कांनी पुढचा दाणा दाबला. अलकानं आणखी मूठभर दाणे घेतले. तेवढ्यात पडद्यावर कपाळावर उंचवटे असलेली धाकटी आली. गेल्या दोन रविवारांसारखीच, पोपटी हिरवीगार. अक्कांचा हात थांबला.

“हिरवी हाय की गं ही.”

अलका हातातला दाणा सोलतच राहिली. “हो ना.”

“काळ्या-पांढऱ्यात कळलंच नाही. दोन रविवार मी बघतेय, म्हणलं डोळ्याचा दोष असंल.” अक्का पुढं झुकल्या. “म्हणून! म्हणून हिला माहेरी धाडत नव्हते! लोकांनी विचारलं असतं, पोरीला काय खायला घालता बाई तुम्ही? एवढी गोष्ट घरातल्यांनी लपवून ठेवली, आणि मला पत्ता नाही!”

चाळीस वर्षं एक भानगड आपल्या नजरेतून सुटली, याचा अक्कांना असा राग आला की त्यांचे गाल लाल झाले. मग त्या थांबल्या नाहीत. धाकटी, तिचं माहेर, चुलते, विहीर, सगळे एकेक करून हजेरी लावून गेले. अलका मध्ये मध्ये “हो का?” आणि “मग?” एवढंच घालत होती.

आणि तेवढ्यात कप्तान भिंतीपाशी आला. एकटा. तोंड भिंतीकडे.

हा येणार हे अलकाच्या ध्यानातच नव्हतं. तिनं रिमोटकडे हात नेला.

“ऱ्हाऊ दे,” अक्का म्हणाल्या. “अजून भिंतीशीच बोलतोय हा?”

“अजून.”

“मग, दिलं का भिंतीनं उत्तर?”

पडद्यावर यंत्रमानव डुगडुगत कप्तानाच्या शेजारी येऊन उभा राहिला. कप्तानानं मान वळवली.

“बघ,” अक्का म्हणाल्या, “घरजावयालाच कळलं शेवटी. विचारतोय त्याला, दादा, स्वल्प कॉफी घेणार का?”

“आणि थोरला काय म्हणाला?”

अक्कांनी एक दाणा दाबला, तो उडून टीव्हीखाली गेला. “म्हणाला, घेईन. पण धाकटीच्या हातची नको, ती पाणीच करते.”

दार उघडून विद्याधर आत आला, नेमका लवकर. पडद्याकडे बघून म्हणाला, “अरे, हा शेवट ना? यात यान सूर्याच्या...”

“विद्याधरराव,” अक्का म्हणाल्या, “तुम्ही कॉफी आणली ना? मग करा की. आमचं इथं संपेना अजून.”

आयुष्यात पहिल्यांदा विद्याधरनं कॉफी केली. पाणीच झाली होती. अक्का दोन पेले प्यायल्या आणि तसं बोलूनही दाखवलं.

दुपारी रूपश्रीचा फोन आला, मेट्रोच्या गडबडीतून. “मावशी, काय केलंत हो तुम्ही? मेजेस्टिकपासनं शेजारच्या बाईला सांगतायत, कुणी तरी हिरवी सून, तिचं माहेर... ती बाई तिच्या स्टेशनवर उतरली पण नाही! आणि आता मला विचारतायत, त्या दिवशी आमटीत एवढं मीठ कशाला घातलंस?”

“मग सांग की खरं कारण.”

“सांगायला जागा देतात का त्या!”