रफिकचं तोंड आणि गेटवरचं मशीन

२०२४ साल, चैत्र महिना. उसाचा हंगाम आटोपला होता. भांडगावजवळच्या आमच्या कंपनीत तोंड बघून हजेरी घेणारं मशीन बसलं. मी गेटवर वॉचमन. गेटवर उभं राहणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. गाड्यांच्या धुळीसारखे अंगावर येऊन बसतात.

साहेब म्हणाले, मशीनला जात नाही, गाव नाही, सगळे सारखे. साहेब गोरे. त्यांना ते लांबूनच हजर म्हणालं. राहू गावचा रफिक मूळचा काळा, त्यात भट्टीवर कामाला. त्याच्या तोंडावर टॉर्च धरावा लागला. तरी कधी घ्यायचं, कधी नाही. ठेकेदारानं बजावलं होतं, आणखी खाडे पडले तर नाव कमी. घरी आई आणि पोरी.

*

राहूत सोसायटीची निवडणूक झाली. जिंकलेलं पॅनेल गुलालातच कामावर आलं. मशीननं सगळ्यांना गैरहजर टाकलं. हरलेले तेवढे हजर! त्यातला एक म्हातारा म्हणाला, "कुठंतरी निवडून आलो बाबा."

*

पुण्याहून इंजिनियर आला. मशीन बरोबर आहे म्हणाला, उजेड कमी पडतो. रफिकला पावडर लावून यायला सांगितलं. तो लावून आला. मशीननं घेतलं. पोरं हसली. आत जाण्याआधी त्यानं नळावर तोंड धुतलं. पुन्हा पावडर लावली नाही.

*

जेवणाच्या सुट्टीत पोरं मशीनला शिव्या देत होती. रफिक म्हणाला, "आधीचा सुपरवायझर मला वळखून खाडा मांडायचा. ह्ये न वळखता मांडतंय. बरं हाय की."



*

माझा थोरला भाऊ केडगावला वारला. त्याला मूल नव्हतं, अग्नी मी दिला. रफिक शिफ्ट टाकून आला. घरापासून स्मशानापर्यंत त्यानं खांदा बदलला नाही. खाडा पडला.

दहावा करून मी कामावर आलो. डोकं, मिशी उतरवलेली. मशीन म्हणालं, नोंद नाही. साहेब हसले. "आबा, तुम्हाला कोण ओळखत नाही? जा आत."

माझ्या मागं रफिक. त्यालाही नोंद नाही. साहेब म्हणाले, "तू थांब बाजूला. मशीन घेतंय का बघू."

मी परत बाहेर आलो. म्हणालो, "मलाबी न्हाईच म्हणलंय. मीबी थांबतो."

रफिक हळूच म्हणाला, "आबा, जावा तुम्ही."

मी गेलो नाही. उन्हात दोघं उभे राहिलो. मालाच्या गाड्या रांगेला लागल्या, हॉर्न देऊ लागल्या. रातपाळीच्या वॉचमननं दिलेल्या गेटच्या किल्ल्या माझ्या कमरेला.

शेवटी साहेब कागद घेऊन आले. दोघांची हजेरी हातानं मांडली. रफिकची अजून हातानंच मांडतात.

खांद्याचं फिटलं.