पडद्याखालची दहा बोटं

गुरुवार, १२ फेब्रुवारी १९५३. सकाळी साडेदहा. जळगाव, मुरलीभाऊंचा फोटो स्टुडिओ.
हजर: १. नाना (वडील). २. आई. ३. मी, कमल, वय एकोणीस, लग्नाची. ४. मुरलीभाऊ, फोटोग्राफर. ५. अक्का (पिशवी धरायला).

ही नोंद माझ्या त्या वेळच्या वहीतली आहे. आमच्या घराण्यात आजवर एकच फोटो बिघडला आणि तो मी यादी करून बिघडवला.

मला याद्यांचा नाद लहानपणापासून. घरातली कोणतीही गोष्ट मी कागदावर उतरवल्याशिवाय झाली, तर ती मला झाल्यासारखी वाटत नसे. त्यामुळे धुळ्याच्या एका स्थळाकडून 'मुलीचा फोटो पाठवावा' असं पत्र आलं, तेव्हा घरात आनंद सगळ्यांना झाला आणि पेन्सिल मी शोधली. कोण कुठे बसणार, कोण काय नेसणार, टांगा किती वाजता, सगळं लिहून काढलं. नानांनी एकच भर घातली. "फोटो काढायचाच तर घरच्या मंडळींचा काढू. स्थळाला जाईल आणि भिंतीलाही लागेल."

घरची मंडळी म्हणजे चार. फोटोत माणसं तीन. कारण चौथी अक्का होती.

अक्का नानांची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती पांढऱ्या पातळात आमच्या जळगावातल्याच मेहरूणच्या घरी परत आली, ती तीस वर्षं तिथेच होती. मला देवी आल्या तेव्हा कडुलिंबाचा पाला घेऊन तीच महिनाभर उशाशी बसली होती. तरीही गालावर तीन वण राहिले. त्याबद्दल ती माझी अजून माफी मागायची. (वण देवीने दिले, माफी अक्का मागायची. आमच्या घरात कामांची वाटणी अशी होती.)

आदल्या दिवशी ती मेथी निवडता निवडता म्हणाली, "कमल, मी काय म्हणते, मी एका कोपऱ्यात उभी राहिले तर चालेल का गं? मला कुठं मधे बसायचंय! माझा एकही फोटो नाही बघ."

"अक्का, हा स्थळाला पाठवायचा फोटो आहे."

"अगं हो! विसरलेच की बाई."

ती पुन्हा मेथी निवडू लागली. 'विधवा बाई नको' हे वाक्य उच्चारावंसुद्धा लागलं नाही, म्हणून मला माझंच कौतुक वाटलं. वर मी म्हटलं, "पुढच्या खेपेला तुझा एकटीचा काढू," आणि तिच्यासमोर वहीत लिहिलं: '७. अक्काचा फोटो काढणे.' तिने ते वाकून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण सात कुठे आहे ते तिने बोट ठेवून विचारून घेतलं.

मुरलीभाऊंच्या स्टुडिओला काचेचं छप्पर होतं आणि मागे रंगवलेला पडदा: संगमरवरी जिना, तळं, तळ्यात दोन हंस. मुरलीभाऊ शिंदखेड्याकडचे, बोलणं अहिराणी. फोटो तेव्हा काचेवर काढत. माझ्या नव्या कोऱ्या निळ्या पातळाकडे पाहताच त्यांनी मान हलवली.

"ताई, मनं ऐका. हाई निळं पातळ पांढरं येस. लाल काळं येस. काच शे ती, तिले रंग समजतस नही."

अक्का पिशवी ठेवून उठलीच. "कमल, मी धावत जाऊन तुझं जांभळं आणू?"

"यादीत निळं आहे," मी म्हटलं. फोटो काढणाऱ्याने फोटो काढावा, पातळाच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत होतं.

मग बैठक. मुरलीभाऊंनी माझी मान डावीकडे वळवली आणि एका बाजूची खिडकी झाकली. "आता मस्त. एक गाल उजेडमां, एक सावलीमां."

नाना खुर्चीतून ताडकन उठले. "म्हणजे अर्धं तोंड काळं? त्यांना वाटेल पोरीच्या दुसऱ्या गालावर काही आहे!"

"अहो, तिकडेच देवीचे वण आहेत," आई पुटपुटली.

"म्हणूनच! लपवलं की संशय येतो. तोंड सरळ! दोन्ही कान दिसले पाहिजेत."

"कान कशाले, नाना?"

"एक दिसला तर एकच आहे म्हणतील!"

खिडकी उघडली. आम्ही तिघं सरळ, सपाट उजेडात, सहा कान पुढे करून बसलो. माझ्या बांगड्या उजेडात चमकत होत्या, म्हणून यादीतल्या चौथ्या कलमानुसार (मुलगी शिकलेली दिसावी) मी दोन्ही मनगटांवर एक जाड पुस्तक धरलं. तेवढ्यात पडद्याचा एका बाजूचा खिळा निघाला आणि जिना, तळं आणि हंस नानांच्या टोपीवर आले.

"मी धरते की," अक्का म्हणाली आणि पडद्यामागे गेलीसुद्धा.

पहिल्या काचेला नानांनी डोळे मिटले. दुसरीला आई शिंकली. तोवर पाऊण तास झाला होता आणि हंस थरथरायला लागले होते.

"अक्का, हलू नकोस!" मी ओरडले.

"नाही गं." पडद्यामागून आवाज आला. "श्वास घेऊ का?"

"फोटो झाल्यावर!"

मुरलीभाऊंनी डोक्यावर काळं कापड ओढलं. "बठ्ठा तयार? श्वास धरा. थोडं हसा. एक... दोन... तीन!"

झालं. मग मी त्यांच्या हातात सूचनांचा कागद दिला. मुरलीभाऊ आपल्या काचा धुळ्याला एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे पाठवत. ते डोळ्याला भिंग लावून बारीक पेन्सिलीने काचेवरच चेहरे सुधारत आणि छापूनही देत. त्यांच्यासाठी मी लिहिलं होतं: 'मुलीच्या तोंडावरचे सगळे डाग काढणे.' 'सगळे'खाली दोन रेघा. शिवाय एक फारच हुशारीचं कलम होतं: 'फोटो धुळ्याहून जळगावला आणि पुन्हा धुळ्याला असा फिरवू नये. एक प्रत पाहुण्यांकडे परस्पर द्यावी. पत्ता मागे.' या कलमावर नाना इतके खूश झाले की टांग्यात म्हणाले, "पोरगी मामलेदार व्हायची!"

बाराव्या दिवशी धुळ्याचं पत्र आलं. सोबत आमचा फोटो परत.

पत्र नानांनी मोठ्याने वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीपासून मनात वाचू लागले. मग ते आईकडे गेलं, आईकडून माझ्याकडे. लिहिलं होतं: 'आपली कन्या बालविधवा आहे हे आपण आधी कळवावयास हवे होते. तसेच पडद्याखालून कोणाचे तरी पाय दिसतात, त्याचाही खुलासा व्हावा.'

मी फोटो पाहिला. मुरलीभाऊंचं सगळं खरं होतं. निळं पातळ पांढरंशुभ्र आलं होतं. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं (लग्नच कुठे झालं होतं!). बांगड्या पुस्तकाखाली. आणि कपाळ? कपाळ आरशासारखं स्वच्छ! धुळ्याच्या त्या गृहस्थांनी मला कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी फक्त काच पाहिली. पांढऱ्या पातळातली बाई, आणि तिच्या कपाळावर मधोमध एक काळा ठिपका (माझं लाल कुंकू). अशा बाईच्या कपाळावर ठिपका म्हणजे डागच की! त्यांनी आधी तो काढला असणार, मग गालावरचे तीन. काम इतकं सफाईदार होतं की मी इतकी सुंदर त्याआधी किंवा नंतर कधीच दिसले नाही.

नाना तडक मुरलीभाऊंकडे गेले. मुरलीभाऊंनी शांतपणे माझा कागद पुढे केला. "नाना, वाचा. 'सगळे' लिखेल शे. खाले दोन रेघा."

आता खरा सांगायचा भाग. नाना घरी आले, तेव्हा तो कागद त्यांच्या खिशात होता. पण यादी करणारी त्यांची लाडकी मामलेदार होती, आणि राग कुठेतरी काढायला हवा होता. फोटोत नानांची खुर्ची आणि माझं स्टूल यांच्या मधल्या फटीत, संगमरवरी जिन्याच्या खाली, दहा बोटं स्पष्ट दिसत होती.

"तुझ्या पायांनी घात केला, अक्का!" नाना गरजले. "तरी म्हटलं होतं, हिला नेऊ नका!" (असं कोणीही म्हटलं नव्हतं. पिशवी कोणी धरली असती?)

"मला बाई कळलंच नाही," अक्का म्हणाली, "पडदा आखूड आहे ते."

आई चुलीत लाकूड सारायला गेली. मी पेन्सिलीला टोक करायला घेतलं. यादी माझी होती, निळं पातळ माझं होतं, 'सगळे'खालच्या दोन रेघा माझ्या होत्या. एरवी मी स्वतःच्या प्रत्येक कामाचं श्रेय ताबडतोब घेत असे. त्या दिवशी मात्र मला घाई नव्हती.

नाना फोटो फाडायला निघाले. अक्काने तो मागून घेतला, दाराशी उजेडात नेला आणि बराच वेळ पाहिला.

"कमल, इकडं ये. हसू नकोस हं. ही मीच गं."

"हे पाय ना? हो."

"पाय नव्हे. ही." तिने माझ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "परत आले तेव्हा मी अश्शीच दिसत होते. तेव्हा कोणी फोटो काढला नाही." मग ती जरा लाजून म्हणाली, "ते मुरलीभाऊ 'हसा' म्हणाले ना, तेव्हा मी पण हसले होते. पडद्यामागं."

फोटो तिने आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवला. नानांनी परत मागितला नाही.

पुढच्या वर्षी माझं लग्न नरडाण्याला झालं. त्या मंडळींनी फोटो मागितला नाही, समोर बसून पाहिलं. मी जांभळं नेसले होते. वणांबद्दल सासूबाई एवढंच म्हणाल्या, "देवी येऊन गेल्या म्हणजे पुन्हा भीती नाही." व्यवहारी बाई. आमचं छान जमलं.

माहेरी यायचं म्हणजे नरडाण्याहून गाडीत बसायचं आणि येताना यादी आणायची. प्रत्येक यादीत अक्काचा फोटो होता आणि तो सातव्या क्रमांकावर होता. मी नेहमी सहा कामं करून परतत असे. (सहापर्यंतचा माझा हिशेब कधी चुकला नाही.) एकदा, सत्तावन्न साली, अगदी ठरलं. अक्का धुतलेलं पातळ नेसून, चपला घालून सकाळपासून ओट्यावर बसली होती. मी बाजारात बरण्या पाहत राहिले. आम्ही स्टुडिओत पोचलो तेव्हा काचेच्या छपरावर ऊन नव्हतं.

"उजेड गया, ताई. सकाळ या."

सकाळी माझी गाडी होती.

"बरं झालं बाई," अक्का परतताना म्हणाली. "उन्हानं काळी पडलेय मी. नीट आला नसता."

"काचेला रंग कळत नाही, अक्का," मी मुरलीभाऊंचं ज्ञान तिला ऐकवलं. चार वर्षं उशिरा.

एकोणसाठच्या मार्गशीर्षात ती गेली. दहाव्याला कोणीतरी विचारलं, हार घालायला फोटो कुठाय? सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण घरातल्या वस्तू कुठे असतात ते मलाच माहीत असतं. मी पत्र्याची पेटी उघडली आणि तो फोटो घेऊन मुरलीभाऊंकडे गेले. म्हटलं, यातल्या अक्काला मोठं करून द्या.

त्यांनी भिंग लावलं. पांढऱ्या पातळातल्या मला पाहिलं, मग खालच्या बोटांकडे पाहिलं.

"ताई, कोणले मोठं करू?"

मी हात पुढे केला. फोटो परत आणला. आज तो माझ्या कपाटात, कागदात गुंडाळून, नावाची चिठ्ठी लावून व्यवस्थित ठेवला आहे.

आता मी पंचेचाळिशीची आहे. दर पाडव्याला नवी वही घालते आणि जुनीतली राहिलेली कामं तिच्यात उतरवते. यंदा एकच उतरवावं लागलं: 'अक्काचा फोटो काढणे.' त्याला पहिला क्रमांक दिला आहे. खाली दोन रेघाही मारल्या आहेत.