सातव्या दारातल्या चपला

बुद्धपौर्णिमेआधीचा रविवार, सकाळचे नऊ. हजर: मुलं अकरा, विहाराचे सचिव काका, पुण्याहून नव्यानं आलेली चित्रकार ताई आणि मी. गैरहजर: माझे यजमान.

यजमान गेल्या वर्षी वारले. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याची नोकरी सांभाळून त्यांनी एकोणीस वर्षं विहारात मुलांचा धम्मवर्ग घेतला. हजेरी मी मांडायची. ते गेल्यावरही वहीतलं त्यांचं नाव मी कमी केलं नाही. दर रविवारी पुढे ‘गैरहजर’ लिहायची आणि कुणी मला टोकत नसे. आता तोच वर्ग या ताईच्या चित्रांच्या पुस्तकावर चालणार होता. काकांनी एवढंच ठरवलं, की आधी मी पुस्तक तपासायचं आणि मी हो म्हटलं तरच ते वर्गात लावायचं. मी लाल पेन्सिल घेऊन बसले. खरं सांगते, मला काळजी धम्माची कमी आणि यांच्या जागेची जास्त होती.

संशयाला जागा भरपूर होती. गाथा एकच, तीही शेवटच्या पानावर. तथागतांचा चेहराच नाही, झाडाखाली नुसती सावली. गाव म्हणावं तर थेट आपल्या राइट टाउन वस्तीसारखं, दारात स्कूटर! तिन्ही चुका मी क्रमांक घालून उतरवल्या. काका हसले, “दीदी, अशा काहून पाहून राहिल्या? पुस्तक आहे, साप नाही.”

“साप बरा, ओळखू तरी येते,” मी म्हटलं.

कथा मोहरीची होती. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन औषध मागणाऱ्या आईला तथागत सांगतात, ज्या घरात कुणीच मेलं नाही तिथली मूठभर मोहरी आण. ती दारोदार फिरते, पण असं घर सापडत नाही. या पुस्तकात प्रत्येक पानावर फक्त एक दार होतं, शब्द नाहीत. त्या घरातून कोण गेलं, ते मुलांनी ओळखायचं. सातव्या दारात पुरुषाच्या चपला होत्या, पॉलिश केलेल्या, टोकं रस्त्याकडे, जणू आता कुणी पाय घालून निघेल. आमच्या दारात यांच्या चपला अशाच आहेत. दर शनिवारी मी पुसते.

एक मुलगी ओरडली, “आजी, ये तो आपका घर है!”

माझी पेन्सिल थांबली. “कोणी सांगितलं तुम्हाला? आमच्या घरी कोणी पाठवलं होतं?” मी ताईवर आवाज चढवला.

“कुणी नाही हो,” ती गोंधळून म्हणाली. “ही चित्रं मी इथे येण्याआधीच काढलीत. या माझ्या बाबांच्या चपला. आई अजून कुणाला हलवू देत नाही.”

यजमान ही कथा दरवर्षी सांगायचे आणि मी मागे बसून हजेरी मांडायची. मोहरी मागणारी ती बाई मला नेहमी वेडी वाटे. एवढं साधं कसं कळत नाही हिला? त्या सकाळी पुस्तक मांडीवर घेऊन मी अकरा मुलांसमोर रडले. ताई शेजारी येऊन बसली.

याला काय म्हणायचं ते मी ठरवत नाही. अजूनही मधूनच वाटतं, काकांनीच तिला सांगितलं असेल. सांगितलं असेल तर त्यांचेही उपकार. धरून ठेवणं म्हणजे निष्ठा, असं मी समजत होते. सोडायला शिकवण्यासाठी माझ्याच दाराचं चित्र समोर यावं लागलं.

पुस्तक वर्गात लावलं. चपला विहाराच्या चौकीदाराला दिल्या, त्याला बरोबर बसल्या. गेल्या रविवारी यांच्या नावापुढे काहीच लिहिलं नाही, रकाना कोरा ठेवला. नाव कमी करायचं अजून राहिलं आहे.