मडिवाळप्पांच्या बागेतली विभूती

होटगीच्या मडिवाळप्पांना सभेत बोलायला उभं केलं, की बसवायचं कसं हा प्रश्न पडायचा. विषय एकच, भुरी. द्राक्षाच्या पानांवर नि घडांवर पिठासारखी पांढरी बसते आणि मण्यांचा सत्यानाश करते, ती भुरी. "रोग आल्यावर धावतो तो शेतकरी, येऊच देत न्हाय तो मडिवाळप्पा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावरच्या टाळ्याही ठरलेल्या.

बरं, माणूस खोटं सांगत नव्हता हो. फाजील फूट वेळेवर काढा, वेलीत ऊन-वारा खेळू द्या, आभाळ आलं की आंबट ताक पाण्यात पातळ करून फवारा, रोज पानं उलटून बघा. सगळं बरोबर. फक्त त्यासाठी बागेत असावं लागतं, आणि हे महाराज कुठल्या तरी गावात सत्काराला. इकडे वेली अशा माजलेल्या, की मांडवाखाली भरदुपारी अंधार.

बागेसाठी ते एकच गोष्ट न चुकता करवून घ्यायचे. दर सोमवारी पूजा झाली, की त्यांच्या बायकोनं, जगदेवीबाईंनी, गोवऱ्यांची राख फडक्यातून चाळून वेलींवर उडवायची. देवाची विभूती ती, शिवाय रोगालाही आळा. त्यामुळे पानं पांढरी दिसली, की मडिवाळप्पांना बरं वाटायचं.

यंदा जेऊरचे द्राक्षवाले त्यांची बाग बघायला आले. आठवडाभर गारठा आणि ढग, तरी पानं कशी पांढरीशुभ्र. मडिवाळप्पांची छाती फुगली. "बगा, ही आमची विभूती. हिच्यापुढं भुरीची काय बिशाद?"

पाहुण्यांचे म्होरके जोतिराम, भाविक माणूस. त्यांनी पानावरून बोट फिरवलं आणि कपाळाला लावलं. मग बाकीच्यांनीही लावलं. काहींनी तर पानंच खुडून पिशव्यांत भरली, आपल्या वेलींना लावायला.

जगदेवीबाई चहा घेऊन आल्या. त्या कालच अक्कलकोटहून, माहेरून परतल्या होत्या. पानं बघून नवऱ्याच्या कानाशी लागल्या. "अवो, मी हितं नव्हते की. राख टाकली कुनी?"

मडिवाळप्पांनी गुपचूप एका पानावर फुंकर मारली. राख असती तर उडाली असती. हे काही हलेना. घड वर उचलून बघितला, तर मणीसुद्धा पांढरे. वर्षाचं पीक होतं ते. तिथल्या तिथं कबूल करून रोगट पानं काढली असती, फवारणीला लागले असते, तर थोडीफार बाग वाचली असती. जेऊरच्या बागांचाही जीव वाचला असता. पण जोतिरामांनी शाल उलगडली होती.

मडिवाळप्पांनी मान वाकवली. शाल अंगावर आली आणि त्यांना कंठ फुटला. भुरी येऊच कशी द्यायची नाही, यावर ते मनापासून बोलले. पाहुणे भारावून गेले. पाया पडून गाडीत बसू लागले.

"अवो, त्या पिशव्या तरी काडून घ्या की," जगदेवीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

मडिवाळप्पांनी गाडीकडे बघून हात जोडले. "गप गं. दिलेला परसाद कुनी परत मागतं व्हय?"