अण्णांची घुंगुरमाळ आणि चाकांची बॅग

मंडळी, मंचरच्या सायबर कॅफेतून लिहितेय. आज आमच्या अण्णांनी कमालच केली!

अण्णा म्हणजे माझे वडील. तळेघरच्या बँडमध्ये युफोनियम वाजवतात. त्या अवजड पितळी वाद्यासाठी चाकांची बॅग घ्यायला आम्ही आलो होतो.

दुकानात अण्णांनी पिशवीतून बैलाची घुंगुरमाळ काढली. ती एकेका बॅगेत घालून मला बाहेरच्या खडीवरून ओढायला लावली आणि स्वतः डोळे मिटून ऐकत राहिले. जिच्यात घुंगरं सगळ्यात कमी वाजली, तीच घेतली.

"हिच्यात पितळेला पोचा येणार न्हाई."



मग अण्णांनी सोबत आणलेलं युफोनियम बॅगेत घातलं आणि अख्खी बॅग खांद्यावर घेतली!

"अण्णा, चाकं हायेत की!"

"ती तुला, पोरी. माझा खांदा हाय अजून."

अण्णा शेतात गेले की मी युफोनियम चोरून वाजवते. एवढ्या लांब ऐकू जात असेल का हो?